माझ्या हातचं पाणी

६ जानेवारी १९९७, सोमवार

पुन्हा उठलं! आत्याबाईंचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, मानेवर गांधी, डावा डोळा सुजून बंद. सकाळी तांब्याभर पाणी प्यायल्या आणि तासाभरात हे. दिवाळीपासूनची ही सहावी खेप. गल्लीतल्या डॉक्टरांनी खाजेची गोळी दिली, संध्याकाळपर्यंत उतरलं.

अंगावरचं उतरलं, जिभेवरचं नाही. सरलाबाई विचारपूस करायला आल्या. शेजारची खोली त्यांची, मधे एकच भिंत, आणि कान सदा त्या भिंतीला. त्यांच्यासमोर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, काय म्हणाव्यात? — "हिना हातनं पानी माले बाधस." माझ्या हातचं पाणी बाधतं! उद्या सकाळी नळावर सगळ्या लिंबायत वस्तीला कळलेलं असेल.

भांडी आपटली. एका पेल्याला पोचा आला. तो मलाच ठोकून काढावा लागला.

९ जानेवारी, गुरुवार

डोकं शांत झालंय, तर खरं काय ते लिहिते. आत्याबाई सुरतेत आहेत म्हणून मला कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाता येतं. मयुरी तीन वर्षांची. मी साडेनऊला निघते ती सहाला येते, तोवर पोर आजीच्या कडेवर. योगराज (तोंडानं नाव घेत नाही, वहीत घेते) लूमच्या खात्यात मास्तर, मागांवर देखरेख करतात, बारा तास तिकडेच. आत्याबाई गावी गेल्या की माझी नोकरी संपली. दुसरं माणूस नाही.

आणि त्यांना जायचंय. दोंडाईच्याजवळ गाव, तिथं दोन खोल्यांचं घर, शेजारी त्यांची जाऊ प्रमिलाबाई. "मना घरले कुलूप शे," माझ्या घराला कुलूप आहे, हे दिवसातून एकदा तरी होतंच. योगराजांचं उत्तर ठरलेलं, "एकट्या बाईला गावात टाकलं म्हणतील लोक." मी तेव्हा भाजी निवडत असते. मान वर करत नाही. गप्प राहणं माझ्या सोयीचं आहे, हे निदान इथे तरी कबूल करायला हवं.

१४ जानेवारी, मंगळवार

उत्तरायण. दिवसभर गच्च्यांवर पतंग, कापला की "काप्यो छे!" चा आरडाओरडा. आत्याबाईंनी तिळगूळ सगळ्या चाळीला वाटला. मला सगळ्यांत शेवटी. गोड बोल म्हणाल्या नाहीत.

१६ जानेवारी, गुरुवार

सरांना सांगून टाकलं. जरीवाला सर बशीत चहा ओतत होते. सहज म्हणून सांगितलं, की सासूबाईंच्या अंगावर असं असं उठतं, आणि परवा त्या म्हणाल्या, माहेरी असताना एकदा सुई टोचली होती तेव्हा तोंड भोपळ्याएवढं झालं होतं.

सरांची बशी हातातच राहिली. "पेनिसिलिन तो नथी, बेन?"

मी हसले. घरात कोण घेतंय पेनिसिलिन! सर हसले नाहीत. म्हणाले, घरचं पाणी घेऊन ये.

१७ जानेवारी, शुक्रवार

सरांचं खूळ हे की, प्लेगच्या साथीच्या वर्षी अख्ख्या शहराने मूठमूठ कॅप्सूल गिळल्या, औषधांचे कारखाने रोज धुतले जातात, ही औषधं शेवटी जातात कुठे? म्हणून वर्षभर बोअरचं पाणी गोळा करणं चाललंय. कतारगाम, इच्छापोर, उधना, सगळीकडून बाटल्या. तीस झाल्या. पाणी दिसायला सगळं सारखंच.

पहिल्यांदा मला काही कळत नव्हतं. आता योगराजांना समजावून सांगितलं तसं लिहिते. सशाच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी नळीच्या आतल्या अंगाला चिकटवायच्या. त्या फक्त पेनिसिलिनलाच धरतात, दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत. मग तपासायचं पाणी घालायचं, आणि त्याबरोबर सरांनी चमक जोडून ठेवलेलं पेनिसिलिन. जागा मोजक्या. एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी झोंबाझोंबी! पाण्यात आधीच औषध असेल तर तेच जागा धरून बसतं, चमकवालं उभं राहतं आणि धुताना वाहून जातं. शेवटी चिकटून उरलेलं सोडवून साध्या काचेच्या नळीत घेऊन यंत्रात जांभळ्या दिव्यासमोर धरायचं. निळी चमक आली तर पाणी चांगलं. काळोख राहिला तर औषध आहे.

योगराज म्हणाले, "उलटंच की! चमकलं तर विष वाटेल माणसाला." मला पण वाटायचं.

माझं काम नळ्या धुणं आणि आकडे लिहिणं. पण धुण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

२० जानेवारी, सोमवार

आमचं पाणी चमकलं! लख्ख निळं. सरांनी दोनदा लावलं. पेनिसिलिनचा मागमूस नाही.

मला आनंद झाला, मग घरी येताना रिक्षात लक्षात आलं की हा आनंद करायचा कशाचा?

२१ जानेवारी, मंगळवार

तेच झालं. योगराज जेवताना म्हणाले, "पाण्यात काही नाही म्हणतात हिचे सर." आत्याबाईंनी घास तोंडात घातला, चावला, गिळला आणि म्हणाल्या, "पानी चांगलं शे. मंग हातच राह्यना."

मग हातच राहिला! यंत्रानेच शिक्का मारून दिला. योगराज ताटात बघत राहिले. एक शब्द काढला असता तर काय बिघडलं असतं त्यांचं? इतका राग आला की रडू आलं, आणि रडू आलं याचा आणखी राग आला.

आता त्या पाणी स्वतः घेऊन पितात. पिंपातून, स्वतःच्या हाताने. मी माठ भरला तर त्यातलं नको.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज परत गांधी. ओठसुद्धा सुजले. स्वतःच्या हाताने घेतलेल्या पाण्यानं! हे मी बोलून दाखवलं नाही, पण चेहऱ्यावर आलं असणार. आत्याबाईंनी पाठ फिरवली.

२८ जानेवारी, मंगळवार

आज दिसलं ते लगेच लिहून ठेवते.

यंत्राच्या खोलीत नळ्या लावत होते. सर बाहेर गेलेले. जांभळा दिवा चालू, खोलीत अंधार. सहज माझ्या हातांकडे लक्ष गेलं. नखांच्या कडा निळ्या चमकत होत्या! बोटांच्या चिरा चमकत होत्या. ओढणीची किनार तर दिव्यासारखी. मी हात पुसले. तरी तेच.

मग एक रिकामी नळी उचलली, धुऊन वाळवलेली, आत काहीच नाही. ती दिव्यासमोर धरली.

चमकली.

दुसरी धरली, तिसरी धरली. रॅकमधली एकूण एक नळी, आत काही नसताना, निळी.

दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रयोगशाळेतला साबण संपला होता. नवा येईना. मी कुणाला न विचारता घरची कपड्याची पावडर आणली. नळ्या कशा लखलखीत निघाल्या! मीच खूश. पण ती पावडर कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून जे काही घालते तेच या दिव्यात निळं पेटतं. नोव्हेंबरपासूनचं सगळं पाणी माझ्या पावडरीनं चांगलं ठरवलंय. सर तुलनेसाठी ठेवलेल्या आपल्या सहा नळ्या स्वतः ॲसिडने धुतात, त्या तेवढ्या शुद्ध. म्हणून त्यांना शंकाच आली नाही.

सर आले तेव्हा मी रॅक पुसत होते. त्यांना न सांगताच निघाले. घरी आले.

२९ जानेवारी, बुधवार

न सांगून चाललं असतं. सरांचा लेख पुढच्या महिन्यात जाणार, "सुरतच्या भूजलात अंश नाहीत". कुणाला कळलं असतं?

पण आमच्या नळीतला तो उजेड पाण्याचा नव्हता, माझा होता. आणि घरात एका बाईचे ओठ सुजताहेत.

३० जानेवारी, गुरुवार

सांगितलं. सरांना अंधाऱ्या खोलीत नेलं आणि रिकामी नळी दिव्यासमोर धरली. एवढंच. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही.

मला वाटलं आता कामावरून काढणार. त्यांनी आकड्यांचं रजिस्टर मागितलं, नोव्हेंबरपासूनच्या प्रत्येक पानावर आडवी रेघ मारली. एकेका पानावर, न घाई करता. शेवटी म्हणाले, "चालो बेन. फरीथी."

पुन्हा पहिल्यापासून! ओरडले असते तर बरं वाटलं असतं मला.

५ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवस नळ्या ॲसिडमध्ये. आज आमचं पाणी परत लावलं. या वेळी शहाणी झाले, तीन बाटल्या नेल्या. एक नळाची, एक चाळीच्या बोअरची, एक घरातल्या पिंपाची. आधीची बाटली मी कुठून भरली होती? अर्थात पिंपातून. पाणी काढायचा डावला बुडवायचा आणि ओतायचं, रोजचा हात.

नळ — चमक.
बोअर — चमक.
पिंप — काळोख.

सरांनी नळी बाहेर काढून परत घातली. काळोख. "पीप क्यांथी लाव्या?" पिंप कुठून आणलं?

कुठून आणलं म्हणजे! मीच आणलं. दिवाळीच्या आधी, पाणी एक तास येतं म्हणून, इच्छापोरच्या भंगारवाल्याकडून. झाकणाचं, निळं, तडा नाही. योगराज नको म्हणत होते, औषधाच्या कारखान्यातलं दिसतंय म्हणाले. मी म्हटलं, मी प्रयोगशाळेत काम करते, धुणं मला शिकवू नका! सात पाण्यांनी धुतलं. सगळ्या चाळीला दाखवलं.

घरी येऊन झाकण उलटं केलं. कडेला रबराचं वेटोळं. सुरीनं उचकटलं तर खाली पांढरा थर, घट्ट बसलेला, ओला. पाणी हिंदकळलं की त्याला लागणार आणि थोडं थोडं उतरणार. ते रबर मी धुतलंच नव्हतं. त्याखाली काही असेल हे डोक्यातच आलं नाही.

आम्हाला तिघांना काही होत नाही. त्यांना होतं.

म्हणजे आत्याबाई बरोबर होत्या. माझ्याच हातचं पाणी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पिंपातलं पाणी परवाच ओतून टाकलं. आज सगळं सांगितलं. त्यांच्यासमोर खाली बसले, झाकण उलटं धरलं, रबर उचलून तो थर दाखवला. म्हटलं, हे औषध आहे आत्याबाई, तुमच्या अंगाला चालत नाही. लहानपणी सुईतून गेलं होतं तेच. नुसतं पाणी यावरून फिरलं तरी तुम्हाला गांधी उठतात. डॉक्टर म्हणाले तेही सांगितलं, पुढच्या वेळी घसा आतून सुजला तर श्वास कोंडेल, जिवावर बेतेल.

त्या नीट ऐकत होत्या. बोटाने रबराला हात लावायला गेल्या, मी त्यांचा हात मागे ओढला. मग म्हणाल्या, "मंग मी खोटं बोलत व्हतू का?"

नाही म्हटलं. चूक माझी. पाया पडले.

त्यांनी डोक्यावर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदा असेल. "ऊठ पोरी," म्हणाल्या. मी तिथंच बसून रडले, आणि मयुरी आम्हाला दोघींना बघून रडली, आणि सरलाबाई काय झालं म्हणून पळत आल्या!

योगराज पिंप फोडायला निघाले. सरलाबाई म्हणाल्या, "अहो, फोडता कशाला? कपड्याभांड्याला होईल मला." पिण्याला नाही म्हणून दोनदा बजावून, झाकणासकट देऊन टाकलं. लिंबायतमध्ये धड पिंप कोण फोडतं?

१२ फेब्रुवारी, बुधवार

आत्याबाईंनी स्वतःहून माझ्याकडे पाणी मागितलं. माठातलं. सरलाबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पंधरा दिवस झाले, एक पुळी नाही! योगराज काल पेढे घेऊन आले, प्रयोगशाळेतही नेले. सर म्हणाले, आपल्या तीस बाटल्यांपेक्षा ही एक बाटली मोठी. मला लेखात "साहाय्य" म्हणून नाव देणार आहेत. जयश्री योगराज पाटील, छापून!

आत्याबाई मात्र जरा गप्पगप्प. प्रमिलाबाईंचं कार्ड आलं, बिबड्यांचे पापड घालायला सुरुवात केली म्हणून. मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, यंदा तरी जाऊ का? योगराज म्हणाले, "आता तर बरी आहेस आई. आता कशाला?" खरंच, आता काय कारण? मी कार्ड घडी करून फळीवर ठेवलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

परत!!

दोन्ही हात, मान, पोट. मी संध्याकाळी आले तर गोधडीवर पडलेल्या. माझा विश्वासच बसेना. माठ नवा, पाणी नळाचं, पेले पितळेचे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

माठ — चमक. नळ — चमक. चहाचं पातेलं धुतलेलं पाणी, तेही लावलं — चमक. नळ्या ॲसिडच्या, रिकाम्या तपासून घेतलेल्या. आता पावडरीवर ढकलता येत नाही. सरांनाही समजेना. दूध आण म्हणाले.

३ मार्च, सोमवार

पुन्हा उठलं. या वेळी आवाज घोगरा झाला. डॉक्टर वैतागले, "घरात काहीतरी आहे. बाईंना काही दिवस हलवा इथून." सरलाबाई दारात उभ्या, माझ्या हातांकडे बघत. बघू दे.

जेवणं झाल्यावर योगराज म्हणाले, "तू म्हण, मी आईला सोडून येतो. लोकांचं बघू. मयुरीचं काय ते मात्र तूच ठरव."

इतकी वर्षं त्यांच्यावर ढकलत होते, आज माझ्यावर आलं. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या. झोपलेल्या नव्हत्या.

मी म्हटलं, दूध तपासून होऊ दे. एकच तपासणी.

५ मार्च, बुधवार

दूध — चमक. पीठ, डाळ काही नाही. सरांना म्हटलं, अजून एकदा लावू या. सर म्हणाले, "बेन, तुम्हाला उत्तर पाहिजे की दिवस पाहिजेत?" मराठीत बोलले. मला कळावं म्हणून असेल.

दिवसच पाहिजेत मला. मयुरी शाळेत जाईपर्यंत, अजून दोन वर्षं. आणि एक बाई माझ्या घरात आवाज घोगरा होईपर्यंत सुजतेय. मी काय बाई आहे!

६ मार्च, गुरुवार

लाइट गेली म्हणून सरांनी दुपारीच सोडलं. बोळात वळले तर सरलाबाईंच्या मोरीपाशी, त्या पिंपाजवळ आत्याबाई उभ्या. मयुरीला लांब ओट्यावर बसवलेलं. त्यांनी झाकण उलटं धरलं, रबर बोटानं उचकटलं, मी दाखवलं होतं तसं. त्यावरून पाणी फिरवलं, पेल्यात घेतलं आणि प्यायल्या. सगळं.

मला बघून दचकल्या नाहीत. पदराने तोंड पुसलं. "आते तरी जाऊ देशी का माले?"

मयुरीला कडेवर घेतलं, त्यांना हाताला धरून धावत डॉक्टरकडे नेलं. सुई दिली, दोन तास बसवून ठेवलं, श्वास ठीक आहे. तिथून तशीच स्टेशनवर जाऊन शनिवारच्या भुसावळ गाडीचं त्यांचं तिकीट काढलं. योगराजांना फक्त तिकीट दाखवलं, पिंपापाशी काय पाहिलं ते नाही सांगितलं. सोमवारपासून कामावर येणार नाही, हे सरांना उद्या सांगायचं आहे.